वाटीवरची लांबलेली रेघ

आई,

तुला सांगायलाच हवी अशी एक गोष्ट माझ्या हातून झाली आहे. घरात सांगितली तर सगळे हसतील. क्लबात सांगितली तर कुणी हसणार नाही, आणि ते जास्त वाईट. तेव्हा तूच राहिलीस. तू गेलीस तेव्हा जेवढी होतीस त्यापेक्षा मी आता वयानं मोठी आहे. हे मधूनच लक्षात येतं आणि मग तुझ्याशी जरा दरडावून बोलावंसं वाटतं, पण ते काही जमत नाही. लिहायला बसले की पुन्हा मी फ्रॉकमधली आणि तू भांडी बाजारातल्या त्या दुकानाच्या पायरीवर, मांडीवर पातेलं उपडं घालून बसलेली.

आधी क्लबाचं सांगते, नाहीतर तुला वाटेल पोरगी म्हातारपणी भलत्याच नादाला लागली. बँकेतून निवृत्त झाल्यावर शेजारच्या बाईंनी मला त्यांच्या सेवाभावी क्लबात ओढलं. रक्तदान शिबिरं घ्यायची, पेठ-सुरगाण्याकडच्या शाळांत जाऊन मुलांचे डोळे तपासून चष्मे वाटायचे, अशी कामं असतात. आणि महिन्यातून एकदा गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये दुपारचं जेवण. अध्यक्ष गळ्यात भलीमोठी साखळी घालतात, पितळी घंटा वाजवतात, ज्यांचे वाढदिवस असतील त्यांना उभं करतात. मग जेवण, मग पाहुण्यांचं भाषण आणि शेवटी आभार. तू विचारलं असतंस, "जेवता किती आन् सेवा किती?" खरं सांगायचं तर पारडं जेवणाच्या बाजूला झुकतं. पण माणसं चांगली आहेत. माझे गुडघे माझ्या सुनेपेक्षा तिथल्या डॉक्टरांना जास्त पाठ आहेत.

आजवर तिथं मी गुडघ्यांवर, मृत्युपत्रावर आणि गच्चीवरच्या भाजीपाल्यावर भाषणं ऐकली. या वेळी दाराशी फलक होता, 'चिनी कला आणि माझा संग्रह'. तो वाचून जेवणाच्या रांगेतच थट्टा सुरू झाली. "चायनाचा माल आहे, भाषण संपेपर्यंत टिकेल ना?" असं आमचे एक वकील म्हणाले. ज्यांनी हे पाहुणे ठरवले होते ते सेक्रेटरी कसनुसं हसले. आभार मानायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे मला लक्ष देऊन ऐकणं भाग होतं. नाहीतर गोड खाऊन खुर्चीत बसलं की माझं काय होतं ते तुला माहीत आहे. ती झोप तुझ्याकडूनच आली आहे. मी बासुंदीची वाटी घेऊन मुद्दाम पुढच्या रांगेत बसले.

पाहुणे मालेगावचे निघाले. घरचे यंत्रमाग, आणि मागांचे सुटे भाग आणायला हे तरुणपणी चीनला जायला लागले. साधा पांढरा शर्ट, बोलणं मराठीत, पण मधूनच उर्दू आणि रंगात आले की अहिराणी. ते म्हणाले, पहिल्या फेरीत एक दिवस मोकळा मिळाला, तर तिथला एक व्यापारी त्यांना एका म्हाताऱ्याच्या घरी घेऊन गेला. चहा झाला. म्हाताऱ्यानं हात धुतले, कोरडे केले आणि टेबलावर एक लांबलचक गुंडाळी ठेवली. ती भिंतीवर टांगायची नसते म्हणे. एका हातानं उलगडायची, दुसऱ्या हातानं गुंडाळत जायची, एका वेळी हातभरच बघायची. डोंगर, मग नदी, मग नदीत एक नाव, नावेत एक माणूस. आणि सगळीकडे लाल शिक्केच शिक्के.

"मला वाटलं, माल गोदामात पडून होता," पाहुणे म्हणाले. "आमच्याकडे कापडाच्या गाठींवर मारतात तसे शिक्के. मी बोलून गेलो, इतकी नाजूक चीज, खराब कुणी केली? तर बरोबरच्या व्यापाऱ्याचं तोंड उतरलं. मग त्यानं समजावलं. ज्याच्या ज्याच्या घरी ते चित्र राहिलं, त्यानं त्यानं आपल्या नावाचा शिक्का मारलेला. आज्यानं मारला, नातवानं मारला, मग विकलं गेलं, नव्या मालकानं मारला. हावरट असेल तो भर मध्यावर मारायचा, शहाणा असेल तो कोपरा शोधायचा. मी पहिलं चित्र घरी आणलं ना, तर आमची माय म्हणाली, 'हाई काय लई उना रे?' म्हणजे हे काय घेऊन आलास, आणि शिक्के बघून म्हणाली, 'चोरीनं शे का?' चोरीचं आहे का? तिचं म्हणणं, इतक्या लोकांची नावं त्यावर, मग ते आपलं कसं?"

सगळे हसले. मी हसायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कारण आई, हे तर तुझंच बोलणं. वेगळ्या भाषेत, वेगळ्या माउलीच्या तोंडून.

आपल्या सातपूरच्या कॉलनीत शेजारून खीर यायची, वरण यायचं, कधी नुसता ठेचा यायचा, आणि वाटी दोन दिवस मांडणीवर लोळत पडायची. म्हणजे इतरांच्या घरी पडायची. आपल्या घरी नाही. तुझे 'अहो', माझे दादा, कारखान्यात पाळी करून झोपलेले असायचे, तू बाजारातून बसनं परत यायचीस, आणि पाय धुवायच्या आधी तुझी नजर मांडणीवरून फिरायची. "ही कुणाची?" मी म्हणायची, उद्या देते. तू म्हणायचीस, "दुसऱ्याचं नाव घरात रातभर ठेवू नाय. जा, आत्ता देऊन ये. आन् रिकामी नको नेऊ." घरात द्यायला काही नसलं की वाटीत चिमूटभर साखर घालायचीस. एकदा मी गृहपाठाचं कारण सांगून बसून राहिले, तर तू वाटी माझ्या वहीवर ठेवलीस. "गृहपाठ काय पळून जातोय? वाटी जाईल पळून." मला तेव्हा तुझा राग आला होता. वाटी कुठं पळून जाते का?

पण तुझा धंदाच तो होता. सिन्नरकडच्या खेड्यातून चौथी शिकून आलेली तू त्या दुकानात आधी भांडी पुसायला लागलीस. भांड्यांवर नावं घालणारे म्हातारबाबा थकले तेव्हा शेठनी मशीन तुझ्या हातात दिलं, कारण पुसता पुसता तू बघून बघून शिकली होतीस. लग्न, बारसं, वास्तुशांत, काही असलं की माणसं भांडी घ्यायची आणि पायरीवर तुझ्यासमोर उकिडवी बसून नावं सांगायची. पेनासारखं ते मशीन टर्रर्र करत स्टीलवर ठिपके पाडत जायचं आणि ठिपक्यांचं नाव व्हायचं. "नाव घातलेलं भांडं आपल्या पायांनी घरी येतं," हे तू प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचीस. पंगतीला दिलं, मांडवात विसरलं, तरी येतं. गिऱ्हाइकं मान डोलवायची. मी शाळा सुटल्यावर कधी दुकानात आले की मला वाटायचं, खरंच रात्री सगळ्या गावातली पातेली गोदेच्या पुलावरून आपापल्या घरी चालत जात असतील.

आणि तुझी ती रेघ. सगळं जग आधी अक्षरं काढतं आणि मग त्यांच्या डोक्यावर रेघ देतं. तू आधी रेघ ओढायचीस आणि दोरीवर धुणं वाळत घालावं तशी अक्षरं एकेक करून खाली टांगायचीस. अंदाज चुकायचाच. नाव संपायचं आणि रेघ पुढे उरायची. उरलेली रेघ उघडी दिसू नये म्हणून तू तिच्या टोकाखाली दोन ठिपके द्यायचीस, एकाखाली एक. शेठ कुरकुरायचे, "बाई, आधी अक्षरांचा अंदाज घेत जा." तू मान वर न करता म्हणायचीस, "असू द्या शेठ. माणसाचं नाव हाय, जरा मोकळं बसू द्या." या सवयीचं तुला कधी काही वाटलं नाही.

एका उन्हाळ्यात केटररची मोठी ऑर्डर आली होती, आठवते? लग्नसराईत दुकानात बसून ती उरकेना, म्हणून तू मशीन घरी आणलंस आणि पोत्यांतून वाट्या आल्या. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही. तू ओट्याला टेकून बसलेली आहेस, मशीनची वायर खिडकीतून बाहेरच्या खोलीतल्या प्लगला गेलेली, मी तुझ्या हातातून वाटी घेते, फडक्यानं पुसते, दुसरीत बसवते. तेच नाव, पुन्हा तेच नाव. माझ्या नाकात स्टीलचा वास बसलेला. दादा पाळीवरून येतात, दारातच थांबतात आणि म्हणतात, "आज आमटी यातच वाढ. एवढ्या पडल्यात, एक खराब झाली तर काय होतंय?" आणि तू दचकून म्हणतेस, "हात नका लावू. नाव हाय त्याच्यावर." त्या दिवशी आपण तिघांनी एवढ्या वाट्यांच्या मधोमध बसून पितळीत आमटी ओतून खाल्ली. पितळीवर नाव नव्हतं. आपल्या घरातल्या एकाही भांड्यावर नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी विचारलं तर म्हणालीस, "आपली कुठं जातात? इथंच तर हायेत."

माझ्या लग्नात तू मला भांडी दिलीस तीही कोरी. सगळ्या बायका उलटून पालटून बघत होत्या, नाव घालणारीच्या लेकीच्या भांड्यांवर काय लिहिलंय म्हणून. तू मशीन तयार ठेवलं होतंस. मला एकटीला आत बोलावून विचारलंस, "कुठलं घालू? आपलं, का त्यांचं?" मी बावरले. सासरचं आडनाव अजून माझ्या तोंडात बसलं नव्हतं आणि माहेरचं घालावं तर सासूबाई काय म्हणतील. तू मशीनची वायर गुंडाळलीस. "राहू दे. एकदा घातलं की निघत नाय. तुझं तू ठरव, मग मी घालीन." मला त्या वेळी किती हलकं वाटलं, ते मी तुला कधी सांगितलं नाही. मग बदली झाली, आम्ही विदर्भात गेलो, भांडी पेटीत राहिली. परत आले तोवर तुझे हात कापायला लागले होते. इतकी वर्षं ते मशीन हातात थरथरत होतं, आता मशीन ठेवलं तरी हात थांबेनात. चहाची बशी धरताना तू दुसऱ्या हातानं मनगट पकडायचीस. भांड्यांचा विषय ना तू काढलास ना मी. आणि मग तू गेलीस.

ती भांडी अजून माझ्याकडे आहेत, अजून कोरी. दुसऱ्या कुणाकडून नाव घालून घ्यावंसं कधी वाटलं नाही. तुझं एक लुगडं आहे, एक फोटो आहे, त्यात तू डोळे मिटले आहेस. अक्षर एकही नाही. तू कधी पत्र लिहिलं नाहीस, बँकेत सही दादांची, रेशनचे कागद मी भरायची. या शहरात किती स्वयंपाकघरांत तुझं अक्षर असेल, आणि नेमकं माझ्या घरात नाही, याचं मला वाईट वाटत आलंय. अलीकडे तुझा आवाजही नीट आठवत नाही. शब्द आठवतात, पण ते माझ्याच आवाजात ऐकू येतात. याची मला भीती वाटते, आई.

हे सगळं डोक्यात घेऊन मी त्या हॉलमध्ये बसले होते. डॉक्टरांनी पाहुण्यांना विचारलं की चित्र खरं की नकली ते कसं ओळखता. ते म्हणाले, "पुस्तकं असतात, जाणकार असतात. पण शेवटी हात ओळखीचा व्हावा लागतो. घरातलं माणूस जिन्यानं वर येतं, तर न बघता कळतं ना कोण आलं? तसं." मग मलाही राहवलं नाही. मी विचारलं, "तुम्ही तुमच्या चित्रांवर तुमचा शिक्का मारलात का?" ते जरा ओशाळले. "बनवून आणलाय, बाई. माझ्या नावाचा, मस्तपैकी दगडाचा. कपाटात पडून आहे. चित्र समोर घेतलं की हात होत नाही. वाटतं, एकदा मारला की निघणार नाही." पुन्हा सगळे हसले. मी मान खाली घातली, कारण डोळे भरले होते, आणि समोर बघायला दुसरं काही नव्हतं म्हणून हातातल्या वाटीकडे बघितलं.

बासुंदी संपली होती. वाटीच्या बाहेरच्या अंगाला, काठाखाली, ठिपक्या-ठिपक्यांचं एक नाव होतं. घासून घासून फिकं झालेलं. वरची रेघ नावाच्या पुढे गेलेली. टोकाखाली दोन ठिपके, एकाखाली एक.

मी काय केलं माहीत आहे? आधी शेजारच्या बाईंची वाटी बघितली. कोरी. मग उठून पाणी घ्यायच्या निमित्तानं हॉलभर फिरले आणि लोकांच्या हातातल्या वाट्या निरखल्या. वकीलसाहेबांना वाटलं मला बासुंदी कमी पडली, त्यांनी आपली वाटी पुढे केली. कुठंच नाव नाही, सगळ्या नव्या, गुळगुळीत. वाढणाऱ्यांमध्ये त्या उन्हाळ्यातल्या केटररचा मुलगा उभा होता, आता त्याचेही केस पिकलेत. त्याला विचारलं, तर म्हणाला, "आता नावं नाय टाकत मॅडम, कोण वाचतं? ही वडिलांच्या टायमाची, एखादी राहिली असंल कुठं. चेपलेली हाय का? बदलून देऊ?" त्यानं हात पुढे केला आणि मी वाटी मागे घेतली. मी मागितली असती तर त्यानं 'न्या की' म्हटलं असतं, इतकं मला दिसत होतं. पण ते 'न्या की' मला ऐकवलं नसतं. तुझ्या अक्षराची किंमत त्याला कळणं शक्य नव्हतं, आणि मला ते सांगताना रडू आलं असतं, हॉलभर माणसांसमोर, अध्यक्षांच्या साखळीसमोर.

तेवढ्यात घंटा वाजली आणि आभारासाठी माझं नाव पुकारलं. मी माईकपाशी गेले. काय बोलले ते धड आठवत नाही. पाहुण्यांना म्हटलं, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. ते म्हणाले, त्या नाहीत आता. मी म्हटलं, तरी सांगा. लोकांना ते चमत्कारिक वाटलं असेल, पण पाहुण्यांनी हात जोडले आणि थोडा वेळ तसेच ठेवले. हा सगळा वेळ वाटी माझ्या पर्समध्ये होती, कागदी रुमालात गुंडाळलेली. तिथं ती कधी गेली, ते मला खरंच आठवत नाही, असं लिहिणार होते. पण तुझ्याशी काय खोटं बोलायचं? मला चांगलं आठवतं. पर्सची चेन आवाज न करता लावली होती.

चोरी होऊ नये म्हणून तू जन्मभर नावं घातलीस, आणि तुझ्या लेकीनं वाटी चोरली ती त्यावर नाव होतं म्हणून. तू असतीस तर आधी एक धपाटा घातला असतास, हे मला माहीत आहे. पण नंतर, मी झोपले असं वाटल्यावर, दादांना सांगून हसली असतीस, हेही माहीत आहे. घरी आल्यावर मी वाटी धुतली आणि त्या रेघेवरून बोट फिरवलं. सुरुवातीला ठिपके जवळ जवळ आहेत आणि शेवटाकडे लांब, म्हणजे तू दमली होतीस किंवा हात घाईत होता. त्या ढिगातली ही वाटी मीच पुसली असणार. नातवानं विचारलं, "आजी, हे कुणाचं नाव?" मी म्हटलं, "नाव दुसऱ्याचं आहे, अक्षर माझ्या आईचं." त्यानं वाटी उलटी करून डोक्यावर ठेवली आणि घरभर फिरला. मी त्याला चालू दिलं.

हे पत्र कुठं पाठवायचं ते माहीत नाही, म्हणून घडी करून वाटीखाली ठेवणार आहे. वाटी परत करायची आहे, हे मी विसरलेले नाही. रिकामी न्यायची नाही, हेही नाही. म्हणून मी रोज सकाळी तिच्यात साखर भरते, आज नक्की रिक्षा करून गंगापूर रोडला जायचं असं ठरवते, आणि दुपारी चहा ठेवला की डब्याकडे हात न जाता त्या वाटीकडे जातो. रोज असंच चाललंय, आई. साखर संपते, वाटी काही जात नाही.